गुडघ्याच्या उंचीवरचे डबे

एका खोलीला दोन वायरी जोडल्या की नेट दुप्पट पळेल असं मला वाटलं, आणि मी जोडल्या.

चूक एवढीच. लातूरकरांना ती चटकन कळेल. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात, शेजाऱ्यानं दोन तोट्या बसवल्या की त्याची टाकी आधी भरते, हे शेंबडं पोरही सांगतं. मी तर तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, आणि शाखा कॉम्प्युटर. माझं ज्ञान तोटीच्या वर कधी चढलं नाही, हे बाहेर येऊ नये म्हणून पुढं मी फिजिक्स शिकवायला लागलो.

पण मला सांगायचं आहे ते मन्मथ अप्पांविषयी. मी मधूनमधून येईन, कारण जिथं तडमडायला नको तिथं मी होतोच.

अप्पा आमच्या हॉस्टेलचे नेटवाले. कागदावर ते शिपाई होते. पण दीडशे पोरं, तीन मजले आणि एक मरतुकडी लाइन यांचा संसार तेच चालवायचे. खालचे दोन मजले कॉलेजच्या पोरांचे. तिसरा संस्थेनं क्लासच्या पोरांना भाड्यानं दिला होता. त्या वर्षांत लातुरात ज्याच्या घराला गच्ची होती तो हॉस्टेलचा मालक झाला होता, तर संस्थेनं मागं का राहावं?

अप्पा बुटके, काळेसावळे. खाकी शर्ट, पांढरा लेंगा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि खिशात वायरीची टोकं चेपायची पक्कड. पोरांची नावं त्यांनी कधी पाठ केली नाहीत. ज्याच्या खोलीच्या वायरीचा जो नंबर, तेच त्याचं नाव. मी सतरा. "सतरा, आंघोळ करत जावा," असं त्यांनी मला एकदा भर मेसमध्ये सांगितलं होतं.

आमची पहिली भेट मी तक्रार घेऊन गेलो तेव्हाची. नेट मुंगीच्या पावलानं चाललं होतं. नुसतं तसं सांगितलं तर कॉम्प्युटर शाखेची अब्रू जाईल, म्हणून मी तयारी करून गेलो.

"अप्पा, मला वाटतं डीएनएसचा प्रॉब्लेम आहे."

"बरं."

"नाहीतर आयपी कॉन्फ्लिक्ट असेल."

"बरं. काय हललं?"

"म्हणजे?"

"काल चालत हुतं, आज न्हाई. मधी काय हललं?"

"काहीच नाही हललं."

"आसं नस्तंय बाबा. काही तरी हलल्याबिगर काहीच व्हत नस्तंय. चला."

खोलीच्या दारात ते थांबले. आत पाऊल टाकेनात. नजर माळ्यावर. तिथं आमच्या तीन ट्रंका.

"त्या खाली घ्या."

"अप्पा, दोन मिनिटांचं काम आहे."

"खाली घ्या, मग येतो."

आम्ही शिव्या घालत, अर्थात मनातल्या मनात, ट्रंका उतरवल्या. मग अप्पा आत आले. कॉम्प्युटरकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दारापाशी उकिडवे बसले, वायर मुठीत धरली आणि डोळे मिटून, आंधळा भिंत चाचपतो तसे सरकत निघाले. माझ्या खाटेपाशी मूठ अडली. आदल्या संध्याकाळी मी खाट पंख्याखाली ओढली होती. तिचा लोखंडी पाय वायरीच्या छातीवर उभा होता.

"उठा सतरा," अप्पा म्हणाले. "तुमचं डीएनएस ह्या पायाखाली हाय."

पुढं महिनाभर हॉस्टेल मला डीएनएस म्हणत होतं.

त्यांची हीच पद्धत. यंत्राला हात लावायचा नाही. आधी विचारायचं काय हललं, मग वायर हातानं वाचत जायचं. कुणी टेबल सरकवलेलं असायचं, कुणी खिडकीत वायर चेपून खिडकी लावलेली असायची, आणि क्लासच्या एका पोरानं तर वायरीवर लंगोट वाळत घातला होता. अप्पांना सापडलं नाही असं कधी झालं नाही. टोक चेपताना आठ तारांचा क्रम ते नामजपासारखा म्हणत: पांढरा नारंगी, नारंगी, पांढरा हिरवा, निळा… त्या वेळी मध्ये बोललं तर उत्तर मिळायचं नाही.

दुसरं खूळ म्हणजे डबे. प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात वायरी जोडायचा एकेक डबा होता. कुठल्याही हॉस्टेलात तो छताजवळ असतो. अप्पांनी आमच्याकडचे तिन्ही डबे गुडघ्याच्या उंचीवर ठोकले होते. झाडूवाली वैतागायची, येणाराजाणारा ठेचकाळायचा, रेक्टर सर दर सहा महिन्यांनी म्हणायचे, "अप्पा, हे वर घ्या." अप्पा "हाव" म्हणायचे आणि घ्यायचे नाहीत.

याचं कारण मला कळलं, तेही माझ्याच एका पराक्रमामुळं.

अप्पा एकदा आमच्या खोलीत स्टुलावर बसून टोक चेपत होते. त्यांच्या ट्रंकांच्या हुकमाचा मला फार राग आला होता. मी पलीकडून पायानं स्टूल गदागदा हलवलं आणि ओरडलो, "भूकंप!"

मला वाटलं, दचकतील, शिव्या देतील, आपण हसू. अप्पा दचकले नाहीत. ते नव्हतेच. स्टूल कलंडलं होतं, पक्कड फरशीवर होती आणि जिन्यातून पावलं धडधडत खाली गेली होती. खिडकीतून पाहिलं तर ते मैदानाच्या बरोबर मध्यावर उभे. आजूबाजूला ना झाड, ना खांब. पायात चपला नव्हत्या. पाच मिनिटांनी ते परत वर आले, स्टूल सरळ केलं, बसले, आणि टोक चेपायला घेतलं. आठ तारांचा क्रम दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमला.

माझा खोलीमित्र बालाजी औशाचा. त्यानं दुसऱ्या दिवशी माझी गचांडी धरून मला कँटीनमध्ये अप्पांसमोर उभं केलं. "माफी माग, भाड्या. किल्लारीच्या पलीकडचं गाव हाय त्यांचं."

मी माफी मागितली. अप्पांनी बशीतला चहा संपवला.

"घर दगडमातीचं हुतं," ते म्हणाले. "वर माळवद. गळू नये म्हणून बाप दरसाल पावसाच्या आधी नवी माती टाकायचा. जुनी कुणी काढायचं न्हाई. नवी टाकायची. दोन हात माती झाल्ती. गणपती बुडवून समदे निजले हुते. सात जणं हुतो घरात. मी आन घरची, दोघं निघालो." मग बशी उपडी घातली. "लोकं म्हणत्यात भूकंपानं मारलं. भूकंपानं न्हाई मारलं. डोक्यावर जे ठिवलं हुतं त्यानं मारलं."

बालाजीनं विचारलं, "मग ह्या वायरीच्या धंद्यात कसे आलाव अप्पा?"

"छावणीत पत्र्याच्या शेडला फोन आला. वायर वडायला माणसं पायजे हुती. म्या म्हणलं, हे बरं हाय. हिला वजन नस्तंय."

त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाशी आपण नीट वागायचं. माझे निश्चय तेव्हाही साधारण एका सत्राचे असत.

आता त्या दोन वायरींकडं येतो. पास होऊन गेलेल्या एका सीनियरनं मला पाच भोकांची एक छोटी डबी दिली होती. म्हणजे एका वायरीवर खोलीतले तीन कॉम्प्युटर चालावेत. माझ्या मनात आलं, व्हरांड्यातल्या डब्यात एक भोक रिकामं आहे. तिथून आणखी एक वायर आणून याच डबीत खुपसली तर? दोन तोट्या. डबा गुडघ्याशी होता, शिडी लागणार नव्हती. सकाळी अकराच्या सुमाराला मी वायर जोडली आणि विजयी वीरासारखा जेवायला गेलो.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांचे मेडिकल प्रवेशाचे पसंतीक्रम ऑनलाइन भरायचे होते. शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत.

जेवून आलो तर अख्ख्या हॉस्टेलचं नेट मेलेलं. हळू नव्हे, मेलेलं. व्हरांड्यात आरडाओरडा. "अप्पा काय झोपलेत का?" ही आरोळी सगळ्यात मोठ्यानं मीच मारत होतो, हे बालाजी आजही शपथेवर सांगेल. पोरं चौकातल्या नेट कॅफेकडं पळाली. तिथं सगळ्या लातूरची रांग. अप्पांनी तळमजल्यापासून सुरुवात केली होती. एकेक वायर काढायची, बघायची, परत लावायची. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांनी त्यांना मध्येच वर ओढून नेलं. ते पुन्हा खाली आले, पुन्हा पहिल्या वायरीपासून सुरू केलं. घामानं विभूती वाहून गेली होती.

"आसं म्या कवा पाह्यलं न्हाई," ते रेक्टर सरांना सांगत होते. "समदे दिवे एका दमात नाचायलेत. पिसाळल्यावानी."

पाच वाजून गेल्यावर माझं लक्ष माझ्या छोट्या डबीकडं गेलं. तिचे पाचही दिवे तसेच नाचत होते. मग मला अंधूक आठवलं की असल्या वेटोळ्यावर पुस्तकात एक धडा आहे. दोन्ही वायरी त्याच दोन डब्यांत गेल्या की निरोप गोल गोल फिरत राहतो, वाढत राहतो, आणि सगळं गुदमरतं. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.

जिन्यात अप्पांचा खोकला ऐकू आला. ते आमच्या मजल्यावर येत होते.

मी वायर उपटली, दोन ढांगांत व्हरांड्यातलं टोक काढलं, आणि ती सबंध वायर शर्टाच्या आत कमरेला गुंडाळून दारात उभा राहिलो. नेट त्याच क्षणी आलं. सगळ्या खोल्यांतून "आलं, आलं!" अशा आरोळ्या. अप्पा जिन्याच्या वरच्या टोकाला पोचले तेव्हा डब्याचे दिवे शहाण्यासारखे लुकलुकत होते.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. "अप्पा, एक नंबर!" मी सुद्धा वाजवल्या. कमरेला वायर रुतत होती.

"म्या काही केलं न्हाई," अप्पा म्हणाले. मग व्हरांड्यातल्या एकेकाला विचारत आले, "कुणी काही हलवलं का? सांगा बाबांनो. रागवनार न्हाई. मला फकस्त कळू द्या." माझ्यासमोर थांबले. "सतरा, तुमी?"

"नाही अप्पा."

त्यानंतर दोन दिवस ते तिन्ही मजल्यांच्या वायरी मुठीतून वाचत फिरत होते. सापडणार काय, ती वायर माझ्या गादीखाली होती.

वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांचे पसंतीक्रम भरायचे राहिले. त्यातल्या एकाचे वडील उदगीरचे मोठे आडते. ते तिसऱ्या दिवशी जीप घेऊन आले, आणि मग बैठक झाली. रेक्टर सर, संस्थेचे सचिव, पुण्याहून बोलावलेले एक इंजिनिअर, उदगीरचे आडते, उभे असलेले अप्पा, आणि हॉस्टेल समितीचा विद्यार्थी प्रतिनिधी. प्रतिनिधी कोण, हे सांगायला हवं का?

"फॉल्ट काय होता?" इंजिनिअरनं विचारलं.

"सापडला न्हाई."

"मग सुरू कसं झालं?"

"तेबी सापडलं न्हाई."

मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसलो होतो. अप्पा, म्हणा की वीज कमीजास्त झाली. म्हणा उंदरानं कुरतडलं. या खोलीत उंदराला नाही म्हणणारं कुणी नाही. पण न सापडलेलं सापडलं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

इंजिनिअरनं फोटो पुढं केले. "डबे गुडघ्याशी लावलेत. कुणीही येता-जाता हात घालेल. हे असं कुणी लावलं?"

"म्या."

"वर का नाही?"

"उन्हाळ्यात व्हरांड्यात लेकरं निजत्यात, साहेब. त्यांच्या डोक्यावर नगं म्हणून."

"अहो, अर्ध्या किलोचा डबा आहे तो."

"हाव."

"भूकंप झाल्यावर नेट कोण बघणार हो अप्पा?" उदगीरचे आडते म्हणाले. सगळे हसले. बैठकीत सगळे हसतात तेव्हा हसावं लागतं. मी हसलो.

सचिव माझ्याकडं वळले. "काय हो प्रतिनिधी, पोरांपैकी कुणी छेडछाड केली होती का?"

मला अजूनही ती खोली आठवते. टेबलावर काच, काचेखाली संस्थेच्या संस्थापकांचा फोटो, आणि माझ्या डोक्यात नांदेडला शाळेत मास्तर असलेले वडील. वर्ष गेलं तर ते काय म्हणतील, हा हिशेब मी एका सेकंदात केला. फिजिक्समध्ये एवढा वेग मला पुढंही साधला नाही.

"नाही सर," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी पाप अर्धं झालं असतं. पण मला हुशार दिसायचं होतं. "पण डबे फार खाली आहेत, हे खरं आहे."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. मान हलवली. म्हणजे, बरोबर आहे, खालीच आहेत.

त्यांना त्याच दिवशी काढलं. संध्याकाळी ते तिन्ही मजल्यांवर फिरले. आम्हाला वाटलं निरोप घ्यायला आलेत. ते प्रत्येक दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "ट्रंका वर ठिवू नका." दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रंका परत माळ्यावर टाकल्या. खाली चालायला अडचण होत होती. त्याच आठवड्यात डबेही छताला गेले. नेट होतं तेवढंच हळू राहिलं.

मधे बारा वर्षं गेली. या काळात मी काय केलं ते बघायचं असेल तर नांदेडहून लातूरला येताना डाव्या हाताला बघा. क्लासच्या फलकावर माझा हाताची घडी घातलेला फोटो आहे, खाली लिहिलंय, "मूलभूत संकल्पना पक्क्या करणारे सर".

गेल्या वर्षी मुरुडला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात उकडायला लागलं म्हणून बाजारपेठेत आलो. एका पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर पांढरा झालेला एक माणूस दळणाचे डबे रांगेत लावत होता. भुवयांवर, कानांवर पीठ. विभूती कुठं संपते आणि पीठ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं.

"अप्पा?"

त्यांनी निरखून पाहिलं. "सतरा," म्हणाले. आणि मनापासून हसले. त्या हसण्यानंच मी मेलो.

आत त्यांची बायको गिरणीवर होती. उंच, हाडाची, तोंडाला पदर बांधलेला. बोलता बोलता गिरणी खडखडली आणि बंद पडली. अप्पा जागचे हलले नाहीत. मावशींनी पाना घेतला, पट्टा बसवला, फ्यूज काढून बघितला, तार बदलली. अप्पा दळणाच्या डब्यांकडं बघत उभे राहिले.

"तुम्ही नाही बघत?" मी विचारलं.

"ते हात लावत न्हाईत," मावशी आतूनच म्हणाल्या. "लातूर सोडल्यापून वायरीला शिवले न्हाईत. घरातला बल्ब गेला तरी मीच. हात गेला म्हणत्यात माझा."

"गेलाच की," अप्पा शांतपणे म्हणाले. "बिघाड समोर हुता आन मला सापडला न्हाई. वय झालं का काय झालं, पर त्या दिवशी कळलं, आता भरवसा न्हाई. इजेचं काम हाय. कुणाचं लेकरू मरायचं आपल्या हातून."

तेव्हा मी सांगितलं. ओट्यावर, दळणाच्या डब्यांच्या रांगेसमोर, लग्नाचा फेटा डोक्यावर तसाच. दोन वायरी, छोटी डबी, कमरेला गुंडाळलेलं वेटोळं, गादी, सगळं. मला वाटलं होतं, माझा आवाज भरून येईल. तो नेहमीसारखा, तासाला शिकवतो तसाच येत होता.

अप्पा खाली बसले. मग विचारलं, "दोन्ही टोकं त्याच दोन डब्यांत?"

"हो."

"म्हंजी फिरत बसलं." त्यांनी पिठात बोटानं दोन चौकोन काढले, दोन रेघांनी जोडले आणि रेघांवरून बोट गोल गोल फिरवलं. "हाव. आसंच व्हनार. दिवे म्हणूनच नाचायलते." त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मला तो बघवत नव्हता. मग बोट थांबलं. "काढली कवा?"

"तुम्ही जिन्यात होता तेव्हा. खोकलात, तेव्हा."

"जिन्यात? कुठं खोकलो म्या? वळणावरच्या कट्ट्यापाशी?"

"त्याच्या थोडं वर."

"म्हंजी चार पायऱ्या," अप्पा म्हणाले. बायकोकडं वळले. "ऐकलं का? चार पायऱ्या राह्यल्या हुत्या."

मावशींनी गिरणीचं बटण दाबायला उचललेला हात खाली घेतला.

"चार पायऱ्या," अप्पा पुन्हा म्हणाले. आपले पिठाचे तळवे उलटेसुलटे करून बघत राहिले. मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर तेच घाईघाईनं म्हणाले, "आगं, पाव्हणे उभे हायती. च्या ठिव जरा."

मावशींनी तोंडावरचा पदर सोडला आणि पहिल्यांदा मला नीट पाहिलं, फेट्यापासून बुटांपर्यंत.

"च्या कशाला?" त्या म्हणाल्या. "ह्यो काय प्यायला आलेला न्हाई, वकायला आलाय. वकला. आता जाऊ द्या त्याला."